आदिमानवाचा पुरावा कसा वाचावा: सुरुवात गोदावरीच्या काठापासून

मानवाच्या एखाद्या नव्या पूर्वजाची बातमी आली की तिच्यासोबत चित्रकाराने काढलेला एक केसाळ चेहरा छापलेला असतो, आणि वाचकाच्या मनात तो चेहराच घर करून राहतो. वास्तविक त्या सगळ्या पुराव्यात चेहरा हा सर्वांत कच्चा भाग असतो. पक्का भाग असतो तो एखाद्या दाताचा, गुडघ्याच्या हाडाचा, आणि त्याहूनही अधिक म्हणजे ते हाड ज्या मातीत पडले होते त्या मातीचा. हा पक्का भाग कच्च्यापासून वेगळा कसा करावा, हे येथे सांगायचे आहे. ते शिकण्यासाठी आफ्रिकेत जाण्याची आवश्यकता नाही. नाशिकजवळचा नदीचा काठ, घरातली ओली फरशी आणि गोठ्यातला कडबा एवढे साहित्य सुरुवातीला पुरेसे आहे.

आधी थर पाहावा, मग वस्तू

नाशिकचा पायाचा खडक म्हणजे बेसाल्ट, आपला काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचे थर थिजून तो तयार झाला. मानवकुळाचा आजवरचा सर्वांत जुना मानला जाणारा जीवाश्म, म्हणजे आफ्रिकेतील चाड देशात 2001 मध्ये मिळालेली कवटी, सुमारे 70 लाख वर्षांची आहे. दोहोंतले अंतर लक्षात घेतले की पहिली चाळणी आपोआप लागते. पांडवलेणीच्या डोंगरात किंवा ब्रह्मगिरीच्या कड्यात मानवी हाड अश्मीभूत होऊन बसलेले असणे शक्य नाही. कोणी तसे सांगत असेल, तर त्याच्या हातातल्या दगडावरची झाडाच्या फांद्यांसारखी काळी नक्षी नीट पाहावी. ती बहुधा खडकाच्या भेगेत झिरपलेल्या मँगनीजच्या क्षारांनी काढलेली असते आणि वनस्पतीशी तिचा काही संबंध नसतो.

शोध घ्यायचा तो नदीने आणून टाकलेल्या जुन्या गाळात. गोदावरीने आणि तिला मिळणाऱ्या दारणा, कादवा यांसारख्या नद्यांनी लाखो वर्षे गाळ पसरला आणि पुढे स्वतःच तो कापत त्या खाली उतरल्या. त्यामुळे काही ठिकाणी काठाची उभी भिंत उघडी पडलेली दिसते. अशी भिंत पाहण्यासाठी उन्हाळ्यात, सकाळच्या तिरप्या उन्हात जावे. धरणातून आवर्तन सुटणार आहे का याची चौकशी आधी करावी, आणि दरडीच्या अगदी बुडाशी उभे राहू नये, कारण वाळलेला गाळ कोणतीही सूचना न देता कोसळतो.

चार-पाच पावले मागे उभे राहून पाहिले की भिंतीतले पट्टे वेगळे ओळखू येतात. वरती काळी माती, तिच्याखाली पिवळसर किंवा तपकिरी गाळ, त्याच्याखाली गोट्यांचा आणि भरड वाळूचा चुन्याने घट्ट सांधलेला थर, आणि तळाशी काळा पाषाण, असा क्रम अनेक ठिकाणी आढळतो, मात्र तो सगळीकडे सारखा असेलच असे नाही. प्रत्येक पट्टा त्या काळच्या हवामानाची साक्ष देतो. मोठे गोटे वाहून आणायला जोरदार पूर लागतो, तर बारीक गाळ पाणी संथपणे पसरल्यावरच खाली बसतो. पिवळ्या गाळात पांढरे, वेडेवाकडे चुनखडीचे खडे असतील, तर तेथे पावसाळ्यानंतर दीर्घ कोरडा ऋतू येत होता असे समजावे. पावसाचे पाणी मातीतला चुना विरघळवून खाली नेते आणि पाणी सुकले की चुना तेथेच गाठ धरतो. हे खडे नवख्या माणसाला हमखास फसवतात. झाडाच्या जुन्या मुळांभोवती चुना साचून झालेल्या पोकळ नळ्या तर हुबेहूब हाडासारख्या दिसतात. अशा वेळी तुटलेली बाजू भिंगाखाली धरावी. हाडाच्या कडेला घट्ट कवच आणि आत बारीक छिद्रांची नियमित जाळी असते, तर चुन्याच्या नळीत एकावर एक चढलेली पुटे असतात आणि जाळी नसते.

काळ्या मातीविषयी विशेष सावध राहावे. ती उन्हाळ्यात फाटते आणि तिला कोपरभर हात जाईल एवढ्या खोल भेगा पडतात, हे शेतात वावरणाऱ्या कोणालाही सांगायला नको. त्या भेगेत काल हातातून निसटलेला विळा जातो, तसाच शंभर वर्षांपूर्वीच्या बैलाचा दातही जातो. पावसात माती फुगून भेग मिटली की ती वस्तू जणू मुळापासून तेथेच होती असे वाटते. म्हणून काळ्या मातीत एखादी वस्तू किती खोल मिळाली यावरून तिचे वय ठरवू नये.

विद्यार्थिदशेत मी स्वतः एक मोठी चूक केली. गोदावरीच्या एका उपनदीच्या काठात बोटभर लांबीचा, वजनदार, तपकिरी झालेला दाताचा तुकडा बाहेर डोकावत होता. तो मी चाकूने मोकळा केला, रुमालात बांधून घरी आणला आणि नळाखाली स्वच्छ धुतला. पुढे एका जाणत्या अभ्यासकांना तो दाखवला तेव्हा त्यांनी दाताकडे न पाहता आधी विचारले, की हा गोट्यांच्या थरात होता की वरच्या गाळात, आणि त्याला चिकटलेली माती कोठे आहे. दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हते. तो दात आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य आहे. या लेखात थराला जे पहिले स्थान दिले आहे, ते त्या दातामुळे.

हाड नसेल तेथे दगड

मानवी हाडे फार क्वचित टिकतात, पण माणसाने घडवलेला दगड टिकतो. नाशिकच्या परिसराचे महत्त्व येथेच आहे. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलिया यांनी गंगापूरजवळ गोदावरीच्या सांधलेल्या गोट्यांच्या थरातून पुराश्मयुगीन हत्यारे शोधून काढली आणि 1952 मध्ये त्यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच सुमारास, 1950-51 मध्ये, जुन्या नाशकातील मातीच्या गढीवर उत्खनन झाले. गढीची पांढरी माती, म्हणजे जुन्या वस्तीची माती, काही हजार वर्षे मागे नेते आणि गंगापूरचा थर त्याच्या कितीतरी पट मागे. एकाच शहराच्या अंगावर काळाचे हे दोन इतके वेगळे माप आहेत, ही गोष्ट शाळेतल्या मुलांना प्रत्यक्ष नेऊन दाखवावी अशी आहे. पुढे प्रवरेकाठच्या नेवाशाला मधल्या पुराश्मयुगाची छिलक्यांची, म्हणजे दगडावर ठोका देऊन काढलेल्या पातळ तुकड्यांची, हत्यारे इतकी स्पष्टपणे मिळाली की त्या परंपरेला नेवाशाचेच नाव मिळाले. जुनी हत्यारे बहुतांशी काळ्या पाषाणाची आणि मोठी, तर नेवाशाची लहान आणि अकीक, चर्ट, जास्पर अशा गुळगुळीत फुटणाऱ्या दगडांची आहेत. माणसाने केवळ घडवण्याची पद्धत बदलली नाही, तर दगड निवडायलाही तो शिकला.

नदीत आपटून फुटलेला दगड आणि हाताने फोडलेला दगड यांतला फरक ओळखण्यासाठी एक प्रयोग करावा. डोळ्यांना चष्मा लावून, मोकळ्या जागी, एका गोट्याच्या कडेवर दुसऱ्या गोट्याने तिरपा ठोका द्यावा. सुटलेल्या छिलक्याच्या आतल्या बाजूवर, ठोका बसला त्या बिंदूच्या लगेच खाली, अंगठा फिरवला तर एक छोटा फुगवटा लागतो, आणि त्याच्यापासून पाण्यावरच्या तरंगांसारख्या फिकट रेषा पसरलेल्या दिसतात. मूळ गोट्यावर त्याचाच खोलगट ठसा उरतो. असे ठसे एका कडेवर ओळीने, दोन्ही बाजूंनी आलटून पालटून आणि एक धार तयार करण्याच्या हेतूने पडलेले असतील, तर तो दगड घडवलेला असण्याची शक्यता मोठी. एकच ठसा असेल तर काहीच ठरवू नये. रस्त्याच्या खडीतही असे ठसे असतात, त्यामुळे खडी क्रशरच्या आसपास मिळालेल्या दगडाचा विचारच सोडून द्यावा.

शरीर वाचणे: पाय, गुडघा, मान

घरातल्या कोरड्या फरशीवर ओल्या पायाने चार पावले चालावे आणि ठसा पाहावा. टाच ठळक उमटते, मधल्या कमानीखाली जागा बहुधा कोरडी राहते आणि अंगठा इतर बोटांच्या रांगेत पुढे रोखलेला असतो. चिंपँझीचा अंगठा हाताच्या अंगठ्यासारखा बाजूला फाकलेला असतो, कारण त्याला पायाने फांदी धरायची असते. टांझानियातील लेटोली येथे मेरी लीकी यांच्या पथकाला 1978 मध्ये पावलांची जी रांग मिळाली, ती सुमारे 36 लाख 60 हजार वर्षांपूर्वीची आहे, आणि तिच्यात अंगठा जवळपास आपल्यासारखाच रांगेत आहे. ज्वालामुखीची राख पडली, तिच्यावर हलका पाऊस झाला, त्या ओल्या राखेवरून कोणीतरी चालत गेले आणि पुन्हा राख पडून ते ठसे झाकले गेले. त्या राखेवर पावसाच्या थेंबांचे खळगेसुद्धा उमटले आहेत. माणसाच्या इतिहासाचा याहून जिवंत पुरावा मला दुसरा माहीत नाही.

सांगाडा पाहताना तीन जागा तपासाव्यात. पहिली कवटीच्या तळाची. ज्या छिद्रातून मज्जारज्जू बाहेर येतो, ते मागे सरकलेले असेल तर डोके पुढे काढून चार पायांवर चालणारा प्राणी, आणि ते मध्याकडे असेल तर डोके मानेवर तोलून उभा राहणारा. 1924 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील टाउंग येथे मिळालेल्या बालकाच्या कवटीवरून रेमंड डार्ट यांनी नेमके हेच ओळखले, आणि मेंदू वानराएवढा असूनही हा जीव दोन पायांवर चालत होता असे पुढच्याच वर्षी मांडले. त्यांचे म्हणणे मान्य व्हायला मात्र अनेक वर्षे लागली, कारण आधी मेंदू मोठा झाला आणि मग माणूस उभा राहिला, असा तेव्हाच्या विद्वानांचा ठाम समज होता. दुसरी जागा गुडघ्याची. आपले मांडीचे हाड कमरेपासून आत झुकत गुडघ्यापर्यंत येते, त्यामुळे एक पाऊल उचलले तरी तोल शरीराच्या मध्यावर राहतो. तिसरी कमरेच्या हाडाची, जे चालणाऱ्यात रुंद आणि वाडग्यासारखे बसके होते. 24 नोव्हेंबर 1974 रोजी इथिओपियातील हदार येथे डोनाल्ड जोहान्सन यांना मिळालेल्या ‘ल्यूसी’ या सांगाड्यामध्ये या शेवटच्या दोन्ही खुणा एकत्र आहेत. तिचे वय सुमारे 32 लाख वर्षे, उंची जेमतेम साडेतीन फूट, आणि सांगाड्याचा सुमारे 40 टक्के भाग उपलब्ध.

हवामानाशी शरीर कसे जुळते, हेही हाडांवरून दिसते. केनियातील तुर्काना सरोवराजवळ 1984 मध्ये कामोया किमेऊ यांना सापडलेला, सुमारे 15 लाख वर्षांपूर्वीचा मुलगा उंच, सडपातळ आणि लांब पायांचा आहे. अशा शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा असतो आणि उष्णता लवकर बाहेर जाते. हिमयुगातल्या युरोपातील निअँडरथल मानव याच्या उलट, रुंद छातीचे आणि आखूड हातापायांचे होते. पातेल्यातला भात परातीत पसरला की लवकर निवतो, तोच हा न्याय.

दात आणि कडबा

पर्यावरणाचा सर्वांत बोलका साक्षीदार दात आहे, कारण इनॅमल, म्हणजे दातावरचे चकचकीत आवरण, हाडापेक्षा कठीण असते आणि मातीतल्या पाण्याने सहजासहजी बदलत नाही. त्यात खाल्लेल्या अन्नातला कार्बन साठून राहतो. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि उष्ण प्रदेशातली बहुतेक गवते हवेतला कार्बन एका पद्धतीने घेतात, तर झाडे, झुडपे, गहू, भात आणि आपली द्राक्षवेल दुसऱ्या पद्धतीने घेते. पहिल्या गटात जड कार्बनचे, म्हणजे कार्बनच्याच किंचित अधिक वजनाच्या प्रकाराचे, प्रमाण थोडे अधिक राहते. आयुष्यभर ज्वारीचा कडबा खाल्लेल्या गायीचा दात आणि गव्हाचा भुसा व झाडपाला खाल्लेल्या शेळीचा दात प्रयोगशाळेत दिले, तर कोणता कोणाचा हे यंत्र वेगळे सांगेल. हीच रीत लाखो वर्षांपूर्वीच्या दातांना लावतात.

तिच्यामुळे एक जुनी समजूत मोडली. 1959 मध्ये मेरी लीकी यांना टांझानियातील ओल्डुवाई दरीत मानवकुळातल्या एका जीवाची राकट कवटी मिळाली, सुमारे साडेसतरा लाख वर्षांची, प्रचंड दाढा आणि भक्कम जबड्यांची. हा प्राणी कठीण कवचाची फळे फोडून खात असणार असे सर्वांना वाटले, आणि तसे टोपणनावही त्याला पडले. दातांतला कार्बन तपासल्यावर मात्र त्या जातीच्या आहाराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग गवतवर्गीय वनस्पतींचा निघाला. जबड्याचा आकार तो काय खाऊ शकत होता हे सांगतो, आणि तो प्रत्यक्षात काय खात होता ते इनॅमल सांगते. वाचकाने हा भेद प्रत्येक दाव्याला लावून पाहावा.

सोबतच्या प्राण्यांकडेही लक्ष द्यावे. 1905 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या गाय पिलग्रिम यांनी गोदावरीच्या गाळात नांदूर-मध्यमेश्वर येथे मिळालेल्या एका प्राचीन हत्तीच्या कवटीचे वर्णन प्रसिद्ध केले. आज जेथे आपण हिवाळ्यात परदेशी पक्षी पाहायला जातो, तेथे एवढ्या अजस्र प्राण्याला पुरेल असा चारा आणि पाणी एके काळी होते. इथिओपियातील सुमारे 44 लाख वर्षांपूर्वीच्या ‘आर्डी’ या मानवकुळातल्या मादीच्या सांगाड्याजवळ झाडांवर राहणाऱ्या माकडांची आणि झुडपे खाणाऱ्या हरणांची हाडे मिळाली, म्हणजे तेथे झाडी होती. तिच्या पायाचा अंगठा अजून फाकलेला आहे, तरी अभ्यासकांच्या मते ती जमिनीवर दोन पायांनी चालत असे. म्हणून जंगल गेले, माळरान आले आणि माणूस उठून उभा राहिला, ही शाळेत ऐकलेली सरळ गोष्ट आता तशीच्या तशी सांगू नये.

वय विचारताना

वयाचा आकडा दिसला की तो कशावरून काढला हे विचारावे. कार्बन पद्धत सुमारे 50 हजार वर्षांपर्यंतच चालते, त्यामुळे दहा लाख वर्षांचे हाड ‘कार्बन डेटिंग’ने ठरवले असे कोणी म्हणाले, तर ते चूक आहे. पूर्व आफ्रिकेत आकडे पक्के मिळतात ते हाडांच्या वर आणि खाली ज्वालामुखीची राख असल्यामुळे, कारण राखेतल्या पोटॅशियमपासून आर्गॉन ठरावीक वेगाने तयार होत राहतो. राख मिळाली की प्रश्न संपला असेही नाही. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे जुनी राख आणि हत्यारे मिळाली आहेत, पण त्या राखेच्या वयाविषयी 74 हजार वर्षांपासून कित्येक लाख वर्षांपर्यंत वेगवेगळी मते मांडली गेली.

दोन दावे उलगडून पाहू

हिमाचलमधील हरितल्यांगर येथे 1932 मध्ये जी. एडवर्ड लुईस यांना जबड्याचा एक तुकडा मिळाला आणि त्याला ‘रामापिथेकस’ हे नाव दिले गेले. तुकडा अर्धाच असल्यामुळे दातांची कमान माणसासारखी गोलाई घेते की वानरासारखी समांतर जाते, हे अंदाजाने भरून काढावे लागले, आणि अंदाज माणसाकडे झुकला. 1960 च्या दशकात पुष्कळ अभ्यासक त्याला मानवकुळाचा आद्य पूर्वज मानत होते. 1967 मध्ये विन्सेंट सारिच आणि ॲलन विल्सन यांनी रक्तातील प्रथिनांच्या तुलनेवरून माणूस आणि आफ्रिकी वानर सुमारे 50 लाख वर्षांपूर्वीच वेगळे झाले असे मांडले, तेव्हा मोठा वाद झाला, कारण रामापिथेकस त्याहून कितीतरी जुना होता. पुढे पाकिस्तानातील पोतवार पठारावर त्याच गटातला चेहऱ्याचा मोठा भाग मिळाला, 1982 मध्ये डेव्हिड पिलबीम यांनी त्याचे वर्णन केले, आणि तो चेहरा ओरांगउटानच्या जवळचा निघाला. पूर्वजांच्या यादीतून रामापिथेकस गेला. येथे कोणी लबाडी केली नव्हती, पुरावा अपुरा होता एवढेच. म्हणून बातमी वाचताना किती हाड मिळाले आणि किती भरून काढले, हे वेगवेगळे लिहून ठेवावे.

दुसरा दावा आपल्याला अधिक जवळचा. 5 डिसेंबर 1982 रोजी मध्य प्रदेशातील सिहोर जिल्ह्यात, हथनोरा गावाजवळ, नर्मदेच्या काठी अरुण सोनकिया यांना मानवी कवटीचा वरचा भाग मिळाला. भारतात मिळालेल्या प्राचीन मानवी जीवाश्मांत हा सर्वांत महत्त्वाचा. सोनकियांनी त्याला होमो इरेक्टस या जुन्या मानवजातीत घातले, पुढे इतर अभ्यासकांनी त्याला होमो सेपियन्सच्या, म्हणजे आपल्याच जातीच्या, प्राचीन रूपाजवळ नेले. त्याच्या वयाविषयी एकमत झालेले नाही, आणि त्याचे कारण नाशिकच्या काठावर आपण पाहिलेल्या थरातच आहे. ती कवटी सांधलेल्या गोट्यांच्या थरात होती, म्हणजे पुराने तिला दुसरीकडून उचलून आणले असण्याची शक्यता मोठी. सोबत मिळालेली हत्यारे आणि प्राण्यांची हाडेही वेगवेगळ्या ठिकाणांहून, कदाचित वेगवेगळ्या काळांतून, एकत्र आलेली असू शकतात. गोट्यांच्या थरातल्या प्रत्येक वस्तूकडे, मग ती गंगापूरची असो वा नर्मदेची, ती येथेच पडली की वाहत आली, हा प्रश्न घेऊनच जावे. वाहत आलेल्या दगडाच्या कडा बोथट आणि गुळगुळीत होतात, तर जागच्या जागी राहिलेल्या हत्याराची धार अजून बोटाला जाणवते.

काठावर काही दिसलेच तर

वस्तूला हात लावू नये, पाणी घालू नये, काडीने कोरू नये. शेजारी पेन किंवा पट्टी ठेवून आधी दुरून, सगळे पट्टे दिसतील असे छायाचित्र घ्यावे, मग जवळून. मोबाइलवरून जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवावेत, आणि ती वस्तू वरून किती खाली आणि कोणत्या रंगाच्या थरात आहे हे वहीत लिहावे. जमीन कोणाची आहे त्या शेतकऱ्याला सांगावे, कारण त्या काठाची राखण पुढे तोच करणार आहे. घडवलेली हत्यारे 1972 च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येतात, त्यामुळे ती गोळा करून घरी ठेवू नयेत किंवा विकू नयेत. माहिती राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला लेखी कळवावी, छायाचित्रे सोबत जोडावीत, आणि नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नये. मे महिना संपत आला असेल तर त्याच आठवड्यात कळवावे, कारण पहिल्या मोठ्या पुरात काठाची ती भिंत खचते आणि थर, हाड, हत्यार सगळे मिळून पुढच्या बंधाऱ्याच्या गाळात जाते.